एका बाईच्या दोन नोंदी

माझे वडील जकात नाक्यावर कारकून होते. ट्रकवाला तोंडाने सांगतो तो माल आणि ताडपत्रीखाली निघतो तो माल कधी जुळत नाही, हे आमच्या घरी रोज भाजीबरोबर ताटात वाढलं जायचं. त्यामुळे माणूस बोलायला लागला की मी आधी त्याच्या हातांकडे बघते. मुलाकडच्यांनी सांगितलेली नवऱ्याची उंची तपासायला मी मोजपट्टी घेऊन निघाले होते, असं माझी बहीण अजून सांगत असते. ते खोटं आहे. मी त्याला फक्त दाराच्या चौकटीशी उभं केलं होतं.

अशा बाईला नोकरीही तशीच मिळाली. दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. कॉलेज रोडच्या मागच्या गल्लीत एका डॉक्टरांचं रक्तवाहिन्यांचं छोटं क्लिनिक होतं. सकाळी यायचं, जांघेत सुई टोचून घ्यायची, तिथून बारीक तार आत सरकवून पायाची तुंबलेली रक्तवाहिनी डॉक्टर फुग्याने उघडायचे. मग सहा तास जांघेवर वाळूची पिशवी ठेवून निजायचं आणि संध्याकाळी आपल्या घरी. नाशिकमध्ये तेव्हा यावर पटकन कोणाचा विश्वास बसत नसे. ऑपरेशन म्हटलं की पोटभर टाके हवेत, आठ दिवस खाट हवी, भेटायला येणाऱ्यांनी मोसंबी आणायला हवीत. नांदगावकडचे एक आजोबा संध्याकाळी धोतर सारखं करत मला म्हणाले होते, "टाका नाय, चिरा नाय. नुसता फोटो काढून घरी धाडता का काय?" मी वरवर हसले. खरं सांगायचं तर पहिले दोन महिने मलाही हीच शंका होती.

माझं काम रजिस्ट्रीचं. किती जणांची वाहिनी उघडली, ती महिन्याने उघडी आहे का, सहा महिन्यांनी, वर्षाने. जखम भरली का, किती चालता येतं, पाय राहिला की गेला. प्रत्येक माणसामागे चाळीसेक रकाने. अशीच माहिती आणखी काही गावांतल्या डॉक्टरांकडून एकत्र होणार होती. माझ्या आधीच्या कारकुनाने हे सगळं जाडजूड वह्यांत लिहून ठेवलं होतं आणि त्या वह्या कॉम्प्युटरवर चढवायला मला घेतलं होतं. डॉक्टर पहिल्या दिवशी म्हणाले, "आपण केलेल्या कामावर आपणच संशय घ्यायचा, त्यासाठी ही वही आहे." एवढं मनासारखं वाक्य मला आजवर कुठल्या साहेबाने ऐकवलं नव्हतं.

मी संशय घेतला, आणि मनापासून घेतला. "तंबाखू?" असं विचारलं की समोरचा "नाय, कधीच नाय" म्हणायचा आणि त्याच्या अंगठ्याच्या नखात चुना असायचा. मी रकान्यात "हो" लिहायची. फोनचा प्रकार आणखी वेगळा. निम्म्या लोकांच्या नंबरापुढे पी.पी. लिहिलेलं, म्हणजे फोन शेजाऱ्याचा नाहीतर किराणा दुकानदाराचा. दुकानदार गल्ल्यावर बसल्या बसल्याच सांगायचा, "मजेत हायेत ते, आत्ताच इथून गेले." मी विचारायची, "लंगडत गेले की नीट गेले?" मग तो फोन ठेवायचा. असं "मजेत" मी कधीच रकान्यात चढू दिलं नाही. खुद्द पेशंटला दुकानात बोलावून आणायला लावायची.

एकदा मात्र माझं हसं झालं. महिन्याभरापूर्वी उजवा पाय करून गेलेला माणूस दुसऱ्याच नावाने डावा पाय घेऊन आला, अशी माझी खात्री पटली. तोंडावळा तोच, आडनाव तेच, गाव तेच. मी त्याला तासभर बाकावर बसवून ठेवलं, उलटसुलट प्रश्न विचारले आणि शेवटी डॉक्टरांचं दार वाजवलं. तेवढ्यात पहिला माणूस भावाचा डबा घेऊन जिना चढून आला. जुळे होते. डॉक्टरांनी त्या दिवसापासून मला सीआयडी म्हणायला सुरुवात केली आणि बजावलं, "पुन्हा पुराव्याशिवाय माझं दार वाजवायचं नाही. आत माणूस टेबलावर असतो."

हे झाल्यानंतर दोन-तीन महिन्यांनी ती बाई आली.

पेठ रोडवरच्या एका खेड्यातली. घरी भाजीपाला. पन्नाशीची असेल, डोक्यावरून पदर घट्ट घेतलेला, उजव्या पायाच्या अंगठ्याला काळपट जखम. बरोबर मुलगा होता, तिशीतला, उंच, शर्टाच्या खिशाला पेन. तो रोज पहाटे पंचवटीच्या बाजारात भाजीची गाडी घेऊन यायचा. त्या दिवशीही गाडी रिकामी करूनच आईला घेऊन आला होता. रेशन कार्डावरचं नाव त्याने सांगितलं, मी लिहिलं. साखर आहे? आहे. याआधी असं काही केलंय, पायाचं, हृदयाचं, तार घालून? बाईने मुलाकडे पाहिलं. मुलगा म्हणाला, "कधीच नाय. दोन वर्षांमागं डाव्या पायाला झालं होतं, ते मामाकडं गेली तवा कुणी पाला लावला, त्यानं भरलं."

मी "नाही" लिहिलं. पाल्याने भरलेल्या जखमेवर माझा विश्वास बसला नव्हता, पण पाल्यासाठी रकाना नव्हता.

मुलगा खाली औषधांच्या दुकानात गेला. मी कागद आवरत होते. तेवढ्यात बाई माझ्या टेबलाजवळ सरकली आणि हळूच म्हणाली, "बाई, ते आंग पेटल्यासारखं होतं बघा, ते आताबी होईल का?"

माझा हात थांबला. वाहिनी फोटोत दिसावी म्हणून रक्तात एक औषध सोडतात, डाय म्हणतात त्याला. ते आत गेलं की क्षणभर अंगभर गरम लाट गेल्यासारखं वाटतं. हे ज्याच्या अंगात गेलंय त्यालाच कळतं. डॉक्टर ते टेबलावर घेतल्यावर सांगतात, आधी नाही. उगाच माणूस घाबरतो.

"कोणी सांगितलं तुम्हाला अंग पेटतं म्हणून?"

"शेजारीण बोलली."

"तिचं झालंय का असलं काही?"

"नाय... तिच्या भावाचं झालंय," असं म्हणून तिने पदर आणखी पुढे ओढला. शेजारणीचा भाऊ! नाक्यावर असली उत्तरं देणाऱ्याची ताडपत्री वडील आधी सोडायला लावत.

तिला अकराला आत घेणार होते. साडेदहा झाले होते. मी कॉम्प्युटरवर नाव शोधलं, नव्हतं. गाव शोधलं, नव्हतं. जुन्या वह्या अजून निम्म्याच चढवून झाल्या होत्या. उरलेल्या वह्या मी टेबलावर ओढल्या आणि नाव-गाव सोडून नुसती लाल शाई बघत सुटले. आधीचा कारकून बाकी कसाही असेल, पण एक गोष्ट नेमाने करायचा: ज्याला डाय सोसलं नाही, त्याची नोंद लाल शाईने. अशा नोंदी मोजक्याच. दोन पुरुषांच्या सोडल्या आणि तिसऱ्या वहीत एका बाईची सापडली. दोन वर्षांपूर्वीची. डावा पाय. गाव नांदगाव तालुक्यातलं. आडनाव वेगळं, नाव वेगळं, वय सात वर्षांनी कमी. बरोबर आलेला नातेवाईक: भाऊ. लाल अक्षरं अशी होती: डाय दिल्यावर अंगावर गांधी, घसा सुजला, श्वास कोंडला, रक्तदाब उतरला, रात्रभर ठेवावे लागले, पुन्हा हे डाय देऊ नये. आणि ओळखीच्या खुणेच्या रकान्यात: हनुवटीवर तीन ठिपके गोंदलेले, डाव्या कानाची पाळी फाटलेली.

नाव वेगळं, याचं मला काहीच वाटलं नाही. आपल्याकडे लग्नात मुलीचं नुसतं आडनाव बदलत नाही, तांदळात अंगठीने दुसरं नावच लिहितात. भावाने बहिणीला आणलं तर तो जन्मापासून जी हाक मारतो तेच नाव सांगणार, सोबत बापाचं आणि आपलं आडनाव. मुलाने आणलं तर तो रेशन कार्ड दाखवणार. एकाच बाईची अशी दोन माणसं झाली, आणि मरता मरता वाचली ती बाई वहीत एकीकडे राहिली, टेबलावर दुसरीच चालली होती.

की पुन्हा जुळ्यांसारखंच माझं हसं होणार होतं? हनुवटीवर तीन ठिपके त्या वयाच्या हजार बायकांना असतात. जड डुलांनी कानाच्या पाळ्या फाटलेल्याही कमी नसतात. डॉक्टरांना आठवण्याची शक्यता नव्हती. त्या आठवड्यात ते परगावी होते आणि त्यांच्या जागी मुंबईहून आलेल्या डॉक्टरांनी केसेस केल्या होत्या, असं वहीतच लिहिलेलं होतं. तेव्हाची सिस्टर नोकरी सोडून गेलेली. आणि बाईच्या जांघेवर तर काही खूण असणार नव्हतीच. टाका नाही, चिरा नाही.

मी वही बंद करून बाकावर तिच्याशेजारी जाऊन बसले. हनुवटीवर तीन ठिपके होते. कान पदराखाली.

"मावशी, खरं सांगा. याआधी इथे आला होता का तुम्ही? भावाबरोबर?"

"नाय बाई."

"घसा सुजला होता का कधी? श्वास कोंडला होता?"

तिचा हात गळ्याकडे गेला आणि अर्ध्यातून परत मांडीवर आला. "नाय म्हणते ना."

"हे बघा, आता जे औषध देणार आहेत त्याने जीव जाऊ शकतो. मी कोणाला सांगणार नाही, फक्त डॉक्टरांना."

"डॉक्टर देवमाणूस हाये. काय व्हायचं नाय," ती म्हणाली आणि जिन्याकडे बघत राहिली. मुलगा वर येत होता. तिच्या तोंडावर जी भीती होती ती सुईची नव्हती आणि घशाचीही नव्हती. मला तिचा राग आला. इतका राग की तिला गदागदा हलवावंसं वाटलं. मरायला निघालेलं माणूस एवढं शहाणपणाने खोटं कसं बोलतं?

मुलाने औषधांची पिशवी सिस्टरकडे दिली. अकराला दहा कमी होते. सिस्टर दारातून म्हणाली, "चला मावशी." बाई उठली. चप्पल काढली, मुलाच्या हातात बांगड्या दिल्या. कोणी सांगायच्या आधीच तिने त्या काढून ठेवल्या होत्या. मग ती हळूहळू दाराकडे निघाली. तिची पाठ माझ्याकडे होती.

मी जुन्या वहीतलं नाव घेतलं. नुसतं नाव, पुढेमागे काही न लावता, गावाकडे अंगणातून हाक मारतात तसं शेवटचं अक्षर लांबवून.

"ओ," ती म्हणाली.

म्हणाली आणि वळली. वळताना तिचा चेहरा पन्नाशीच्या बाईचा नव्हता, खेळ टाकून आईकडे धावत आलेल्या पोरीसारखा मोकळा होता. मग तिने मला पाहिलं, मुलाला पाहिलं आणि तोंडावर हात ठेवला. पदर घसरला होता. डाव्या कानाची पाळी फाटलेली होती.

क्षणभर मला आनंद झाला. सापडली! ते लपवत नाही. आणि लगेच वाटलं, हे आपण काय केलं. त्या नावाची हाक तिला माहेराबाहेर कधी कोणी मारली नसेल, आणि मी तिचा सापळा लावला.

"धरलं ना मला?" ती म्हणाली आणि तिथेच दाराशी जमिनीवर बसली.

मी वही घेऊन डॉक्टरांचं दार वाजवलं. त्यांनी लाल अक्षरं दोनदा वाचली, बाहेर आले, तिच्यासमोर उकिडवे बसले आणि विचारलं, "तुम्हाला एक लाल कार्ड दिलं असेल, कायम जवळ ठेवा म्हणून?"

"चुलीत घातलं," ती म्हणाली. "घरात घावलं असतं."

मुलगा भिंतीला टेकून उभा होता. हातात बांगड्या तशाच. "मामानं केलं?" त्याने विचारलं. "मामानं इथं आणून केलं, अन् मला पाल्याचं सांगितलं? मी काय मेलो होतो का?" मामाच्या आणि त्यांच्या घरचं काहीतरी बिनसलेलं असावं, हे त्याच्या आवाजावरून कळत होतं. पण त्याहून जास्त त्याला लागलं होतं ते हे, की मुलाने करायचं ते मामाने केलं. बाई फरशीकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं, भावाचं नाव येऊ नये म्हणूनच ही जिवावर उदार झाली. एवढीच माझी अक्कल.

डॉक्टरांनी त्या दिवशी काही केलं नाही. दुसऱ्या जातीचं डाय मुंबईहून मागवलं, आदल्या दिवसापासून घ्यायच्या गोळ्या लिहून दिल्या, त्याने साखर चढेल म्हणून तीही रोज तपासायला सांगितली. मुलगा चिठ्ठी घेऊन आईच्या पुढेच जिना उतरून गेला. तो आईला परत आणणार नाही, अशी माझी पक्की खात्री होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तो भाजी उतरवून, तिला घेऊन वेळेच्या अर्धा तास आधी हजर होता. अशा बाबतीत चुकलेलं मला चालतं.

डाय आत गेलं तेव्हा मी माझं काम सोडून दाराच्या काचेशी उभी होते. घसा सुजलाच तर द्यायचं इंजेक्शन सिस्टरच्या हातात भरून तयार होतं. बाईने डोळे मिटले, थोड्या वेळाने उघडले आणि डॉक्टरांना काहीतरी सांगितलं. डॉक्टर हसले. वाहिनी उघडली. मग सहा तास ती वाळूच्या पिशवीखाली निजून राहिली, आणि डॉक्टर त्या दिवशी तीनदा स्वतः येऊन तिचा घसा बघून गेले. मला सीआयडी म्हणाले नाहीत.

दुपारभर मी त्या दोन नोंदींची एक नोंद करत बसले. जुन्या वहीत मी त्या दिवशी फक्त लाल शाई आणि खुणेचा रकाना पाहिला होता. नोंद तिथेच संपत नव्हती. उरलेले रकाने पुढच्या पानावर होते. त्यांत एक रकाना असा होता: त्रास सुरू झाल्यापासून किती दिवसांनी आलात, आणि उशिराचं कारण. आधीच्या कारकुनाने पेशंटच्या तोंडचे शब्द जसेच्या तसे उतरवले होते. "सात महिने. पोराला चारदा सांगितलं. रोज नाशिकला येतो, उद्या नेतो म्हणतो. म्हणून भावाकडे गेले."

मी ते दोनदा वाचलं. म्हणजे ती भावाला झाकत नव्हती, मुलाला झाकत होती. पंचवटीच्या बाजारापासून आमचं क्लिनिक फार तर पंधरा मिनिटांवर.

रकाना गाळायचा अधिकार मला नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. पण खरं ते असं, की त्याने ते वाचावं अशी माझी इच्छा होती. दोन दिवसांपूर्वी "मी काय मेलो होतो का" म्हणून आईवर ओरडलेला तो मुलगा माझ्या डोक्यातून गेला नव्हता. मी सगळं टाइप केलं आणि छापून काढलं.

संध्याकाळी बाईला खुर्चीत बसवून बाहेर आणलं. नवं लाल कार्ड मी तिच्या हातात दिलं, त्यावर तिची दोन्ही नावं घातली होती. मग नोंदीचा कागद टेबलावर ठेवला. तिचा अंगठा आणि मुलाची सही घ्यायची होती. पेशंटला वाचता येत नसेल तर सगळी माहिती त्याला वाचून दाखवायची, असा आमचा नियम होता. मी तोंड उघडायच्या आत मुलानेच कागद उचलला. खिशातलं पेन काढलं आणि तो ओळीवर बोट ठेवून वाचायला लागला, सातवी-आठवीपर्यंत शिकलेला माणूस वाचतो तसा, ओठ हलवत. पहिलं पान उलटलं. दुसऱ्या पानाच्या मध्याशी बोट थांबलं. ओठही थांबले.

मानेवरची शीर तेवढी हलताना दिसत होती. मी त्याच्याकडे बघायचं ठरवलं होतं, पण मला बघवेना.

"काय लिवलंय रे?" बाईने खुर्चीतून विचारलं.

"काय नाय," तो म्हणाला. "तुझं नाव हाये. अन् पायाचं."

बाईने त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्या डोळ्यांत शंका स्पष्ट दिसत होती. आपण दोन वर्षांपूर्वी कोणाला काय सांगितलं होतं, हे तिला त्या क्षणी आठवत असावं.

"बाई," ती म्हणाली, "हा खरं सांगतो ना?"

"हो मावशी," मी म्हटलं. "खरं सांगतो."

मुलगा खाली वाकून सही करायला लागला. तीन अक्षरांची सही, पण त्याला ती करायला फार वेळ लागला.